शंभराव्या युनिटापर्यंतची चूल

इंडक्शनची शेगडी घ्यायला निघण्याआधी घरातलं वीजबिल एकदा उलटून बघावं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. ते पटायला थोडी आकडेमोड करावी लागते, आणि त्या आकडेमोडीला दोन बाजू आहेत. म्हणून इथे दोन कल्पित माणसं बोलायला बसवली आहेत. एक बोईसरच्या चाळींतून वायरिंगची कामं करणारा तरुण वायरमन, इंडक्शनचा कैवारी. दुसऱ्या, सहा माणसांचं घर सांभाळणाऱ्या मावशी, गॅसच्या बाजूच्या. मधूनमधून लेखक तोंड घालणार आहे, कारण दोघंही आपापल्या सोयीचे आकडे पुढे करतात आणि गैरसोयीचे झाकून ठेवतात.

वायरमन : मावशी, तारापूरचा अणुवीज प्रकल्प आपल्या दाराशी, डहाणूचं औष्णिक केंद्र तासाभरावर. आपल्या तालुक्यानं विजेवर नाही रांधायचं तर कुणी? गॅस निम्म्याहून जास्त परदेशातून जहाजानं येतो. आखातात काही झालं की सिलिंडरचा भाव हलतो. वीज इथलीच.

मावशी : अरे, इथली म्हणतोस तर मग पावसाळ्यात जाते कशी? प्रकल्पाची चिमणी गच्चीवरून दिसते आणि खाली आम्ही मेणबत्ती शोधतो. आणि बिल काय कमी येतं का आम्हाला, प्रकल्पाचे शेजारी म्हणून?

मावशींचा टोमणा रास्त आहे, पण तो वायरमनचं म्हणणं जितकं खोडतो त्याहून जास्त काहीतरी उघड करतो. तारापूरची पहिली दोन संयंत्रं ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आली. देशातली ती पहिली अणुवीज. पुढची दोन, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाली, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. एवढं सगळं देऊनही ही वीज पालघरची होत नाही. ती उच्चदाबाच्या तारांवरून पश्चिम ग्रिडमध्ये जाते आणि तिथे कोळशाच्या, पाण्याच्या, उन्हाच्या विजेत मिसळते. डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र तर कोळशावर चालतं आणि प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांसाठी. बोईसरच्या घरातल्या सॉकेटमध्ये येते ती ग्रिडची सरासरी वीज, आणि ती घरापर्यंत पोचते गावातल्या डीपीवरून, खांबांवरून, झाडांच्या फांद्यांमधून. वीज जाते ती या शेवटच्या टप्प्यात. अणुभट्टी किती जवळ आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा ‘प्रकल्प दाराशी’ हा मुद्दा दोघांनीही बाजूला ठेवलेला बरा. त्याने ना वीज स्वस्त होते ना खात्रीची.

त्याच झटक्यात पर्यावरणाचा मुद्दाही निकाली काढू, कारण इंडक्शनच्या बाजूने तो फार सहज मांडला जातो. १४.२ किलोचा एक सिलिंडर जाळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिटं लागतात, आणि देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची असल्याने युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला तर ८७ किलो, म्हणजे गॅसच्या दुप्पट. धूर आपल्या स्वयंपाकघरात होत नाही, कुठल्यातरी चंद्रपूरला होतो, इतकंच. ग्रिडमध्ये उन्हाची वीज वाढेल तसा हा आकडा उतरेल, पण आज पर्यावरणाच्या नावाने इंडक्शन विकणाऱ्याकडे पुरावा नाही. लाकडाच्या चुलीची गोष्ट मात्र वेगळी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जिथे अजून लाकूड जळतं, तिथे गॅस काय आणि वीज काय, दोन्ही बाईच्या छातीला आराम देणारंच.

वायरमन : बरं, ते राहू दे. पैशाचं बोलू. गॅसवर भांड्याच्या बाजूनं किती आच फुकट जाते, हात लावून बघा. निम्म्याला निम्मी. इंडक्शनमध्ये भांडंच तापतं. मग स्वस्त कोण?

मावशी : स्वस्त असतं तर तुझ्या आईनं कधीच घेतलं असतं.

इथे थांबून हिशोब करू, कारण सगळा वाद याच्यावर उभा आहे. एक किलो एलपीजीमध्ये साधारण १२.७ युनिट इतकी ऊर्जा असते, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये १८० युनिट. त्यातली ५५ ते ६५ टक्के भांड्यात पोचते असं धरायला हरकत नाही. नव्या चांगल्या शेगडीत थोडी अधिक, बर्नर काजळलेला असेल तर कमी. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास पोचते. या दोन्हींवरून एक सोपा नियम निघतो : सिलिंडरच्या किमतीला १२५ ने भागा. जो आकडा येईल, तो तुमचा बरोबरीचा दर. वीज त्याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडतं, महाग पडत असेल तर गॅस. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर हा दर ७ रुपये २० पैसे येतो. खाणावळीच्या १९ किलोच्या सिलिंडरसाठी १२५ ऐवजी १६७ ने भागावं, आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा कामगार जो पाच किलोचा छोटा सिलिंडर नेतो, त्याच्यासाठी ४४ ने.

आता बिल उलटा. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांचा एक दर. १०१ पासून ३०० पर्यंतच्या प्रत्येक युनिटाला त्याच्या दुपटीच्या जवळपास. पुढे आणखी वर. वहन आकार आणि वीज शुल्क धरून पहिला टप्पा सात आणि दुसरा तेरा रुपये असा हिशोबापुरता धरू. नेमके आकडे वेळोवेळी बदलतात, ते प्रत्येकाने आपल्या बिलावरून घ्यावेत. म्हणजे बरोबरीच्या ७.२० च्या मानाने पहिल्या शंभर युनिटांत इंडक्शन आणि गॅस जवळजवळ सारखेच, आणि एकशे एकाव्या युनिटापासून इंडक्शन जवळजवळ दुपटीने महाग. इंडक्शनच्या बाजूने बोलणारे सरासरी दर काढतात : एकूण बिल भागिले एकूण युनिटं. चूक तिथेच होते. पंखा, फ्रिज, टीव्ही आधीपासून आहेतच. नवी शेगडी येते ती त्यांच्या वर, बिलाच्या शेवटच्या टोकाला, आणि तिला लागू होतो तो त्या टोकाचा दर.

मावशींच्या घराचं उदाहरण घेऊ. समजा महिन्याला ८५ युनिटं जळतात आणि सिलिंडर दीड महिना पुरतो. सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर महिन्याला आणखी ८३ युनिटं लागतील. त्यातली पहिली पंधरा सातच्या दराने, १०५ रुपयांची. उरलेली ६८ तेराच्या दराने, ८८४ रुपयांची. एकूण ९८९. गॅसचा खर्च महिन्याला ६०० पडतो. उज्ज्वलाची जोडणी असेल आणि ३०० रुपयांचं अनुदान मिळत असेल तर बरोबरीचा दरच पाच रुपयांच्या खाली येतो, आणि मग वीज पहिल्या युनिटापासूनच हरते.

वायरमन : म्हणजे घ्यायचंच नाही?

मावशी : बघ, मी काय म्हणत होते!

घाई होतेय मावशींची. त्यांच्या आकड्यांत पंधरा युनिटांची जागा रिकामी आहे, आणि ती बारा महिने सारखी नसते. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद, फ्रिज कमी वेळ चालतो. पालघरच्या किनारपट्टीवर थंडी फार नसली तरी त्या दोन-तीन महिन्यांत बरीच घरं साठ-सत्तर युनिटांवर उतरतात. तेव्हा तीस-चाळीस युनिटांचा स्वयंपाक विजेवर केला तर खिशाला तोशीस नाही, उलट सिलिंडर अकरा ते चौदा दिवस जास्त जातो. एप्रिल-मे मध्ये पंखे रात्रंदिवस फिरतात, मीटर आधीच शंभराच्या पार. तेव्हा शेगडी पुसून वर ठेवावी. गॅस संपला आणि नंबर लावलेला सिलिंडर यायला चार दिवस असले तर अर्थातच ती खाली काढावी, महाग पडली तरी. छतावर सौर पॅनेल असलेल्या घराला हे काहीच लागू नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २०२४ पासून दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे, आणि एक किलोवॉट आपल्या भागात महिन्याला शंभरेक युनिटं देतं. अशा घराने दिवसा बेलाशक विजेवर रांधावं. पण त्यासाठी छत स्वतःचं लागतं.

पैशाचा वाद इथवर. शेगडी घेतलीच, तर ती बसवायची कशी आणि तिच्यावर काय शिजवायचं, यात फरक पडतो तो टप्प्यांच्या दराइतकाच मोठा.

वायरमन : बसवणं माझं काम, ते मी सांगतो. शेगडी २००० वॉटची. २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. लोक ती मोबाइल चार्जरच्या सहा अँपिअरच्या पॉइंटला लावतात, वर एक्स्टेन्शन बोर्ड. महिन्याभरात प्लगच्या पिना पिवळ्या पडतात, मग प्लास्टिकचा वास येतो, मग मला फोन. सोळा अँपिअरचा पॉइंट, त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी, आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दोन शेगड्या एका लाइनवर घ्यायच्या असतील तर चारची तार. गिझर आणि शेगडी एका लाइनवर नको. आणि आधी अर्थिंग बघायचं. चिंचणी, दांडी, सातपाटीकडे खारं वारं लागतं, अर्थिंगची पट्टी दोन-चार वर्षांत खाऊन जाते. तिसरी पिन बोर्डात दिसते, आत काही नसतं.

मावशी : हे सगळं शेगडीच्या किमतीत धरलंस का?

धरलेलं नसतं, कधीच. दुकानातली दोन-तीन हजारांची शेगडी जुन्या घरात वायरिंगसकट बऱ्याचदा तिपटीला जाते, आणि हा खर्च वाचवायला जाणं धोक्याचं. खाऱ्या हवेचा वायरमनचा मुद्दा तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने मनावर घ्यावा. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला की जोड सैल होतो, आणि मोठा प्रवाह सैल जोडातून गेला की तिथेच उष्णता साठते. प्लग हाताला गरम लागला तर शेगडी बंद करून आधी सॉकेट बदलावं. शेगडीच्या पोटाखालच्या जाळीतून पंखा हवा ओढतो. तिथे तेलकट धूळ आणि झुरळांची अंडी साठली की यंत्र वारंवार आपोआप बंद पडू लागतं. दर महिन्याला जुन्या टूथब्रशने ती जाळी झाडावी. स्वयंपाक झाल्यावर लगेच खटका बंद करू नये. पंखा थांबेपर्यंत तो चालू राहू द्यावा.

भांड्यांचं थोडक्यात. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, आणि त्याने भांड्याच्या बुडात प्रवाह उमटून बूडच तापतं. त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटावा लागतो. हिंडालियमची कढई, पितळेचं पातेलं, बरीचशी साधी स्टीलची भांडी यात बाद होतात; लोखंडी तवा आणि चुंबकी बुडाचा कुकर चालतो. गोल बुडाची कढई चुंबक चिकटत असला तरी नको.

मावशी : आणि भाकरी? तांदळाची भाकरी जाळावर धरल्याशिवाय फुगते का? वांगं भाजायचं, सुके बोंबील भाजायचे, पापड भाजायचा. तुझी काच यातलं काय करते?

वायरमन : भाकरी होते की तव्यावर. कापडानं दाबून दाबून फुगवायची.

होते, पण मावशींना ती आवडणार नाही आणि त्यांचं बरोबर आहे. मांगेले-कोळ्यांच्या घरात सुका बोंबील विस्तवावरच भाजायचा असतो. जळका कड हाच त्याचा स्वाद. कोरडी, उघडी, थेट आच लागणारी सगळी कामं ज्योतीची आहेत, आणि ती ज्योतीकडेच राहू द्यावीत. इंडक्शनची कामं ओली : भात, डाळ, कडधान्यं, बटाटे, चहा, दूध, आंबील. वायरमनला हे मान्य करावं लागेल. मावशींना त्यांच्या बाजूने मान्य करायचं आहे ते असं, की त्यांच्या स्वयंपाकाचा मोठा भाग ओलाच आहे.

आणि ओल्या स्वयंपाकात इंधन कशात जातं ते बघण्यासारखं आहे. तीस अंशाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला ०.०८ युनिट उष्णता पुरते. तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडवायला लागते ०.६३ युनिट, जवळजवळ आठपट. म्हणजे उकळी आल्यानंतर झाकण न ठेवता भांडं खळखळत ठेवलं, की खर्च स्वयंपाकावर न होता छताला वाफ देण्यावर होतो. उकळतं पाणी जोरात उकळलं म्हणून जास्त गरम होत नाही. १०० अंशांवर ते अडतं. अर्धा तास भिजवलेला वाडा कोलम तांदूळ उकळी येईपर्यंत १६०० वॉटवर आणि त्यानंतर घट्ट झाकणाखाली ३०० वर ठेवला तरी तितक्याच वेळात शिजतो. शेवटची पाच-सात मिनिटं तर शेगडी बंदच ठेवावी, भात वाफेवर मुरतो. कुकरचंही तसंच. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ पोचतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे तो जास्तीचा दाब बाहेर फेकला जाणं. पहिल्या शिट्टीनंतर आच इतकी उतरवावी की दुसरी शिट्टी होऊच नये, आणि मग मिनिटं मोजावीत. तूरडाळीला आठ ते दहा मिनिटं पुरतात.

मावशी : हे तर गॅसवरही खरं आहे. मी गॅस बारीक करतेच.

खरं आहे, आणि हा मावशींचा सगळ्यात भारी आक्षेप आहे. झाकण, भिजवणं, शिट्ट्यांचा हव्यास सोडणं, हे सगळं गॅसवर केलं तर तिथेही इंधन तितकंच वाचतं. कदाचित इंडक्शन न घेता इतकंच करणं हाच बऱ्याच घरांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय असेल. फरक उरतो तो दोन गोष्टींचा. गॅसची सगळ्यात बारीक ज्योतही कुकरला बहुधा जास्तच होते, आणि तिला घड्याळ नसतं. इंडक्शनला ३०० वॉट आणि दहा मिनिटं असं सांगून दुसऱ्या कामाला जाता येतं. मात्र स्वस्त शेगडीचं एक वैगुण्य आहे : कमी वॉटवर ती सलग मंद चालत नाही, पूर्ण जोराने सुरू होते, काही सेकंदांनी थांबते, परत सुरू होते. पातळ बुडाच्या भांड्यात दूध अशा वेळी हमखास उतू जातं आणि खीर तळाला लागते. जाड बुडाचं भांडं घेतलं की हा त्रास बराच कमी होतो. ‘दूध’, ‘डोसा’, ‘करी’ ही वरची बटणं विसरावीत आणि थेट वॉटचा आकडा लावावा.

वायरमन : मग एमआयडीसीतल्या पोरांचं काय? तीन पाळ्यांत काम, चार जण एका खोलीत, गॅसची जोडणी घ्यायला पत्त्याचा पुरावा नाही. त्यांना तर इंडक्शनच बरं ना?

मावशी : खोली मालकाची, मीटर मालकाचं. मालक सबमीटर लावतो आणि स्वतःच्या मनाचा एकच भाव घेतो, पहिल्या युनिटाला तोच आणि दोनशेव्यालाही तोच. आणि वायर कोण बदलणार? पोरं बदलणार?

मावशींनी इथे वायरमनचाच हुकमी एक्का काढून घेतला. भाडेकरूला टप्प्यांचा फायदा नाही, त्यामुळे त्याचा नियम अधिक साधा : छोट्या सिलिंडरची किंमत भागिले ४४, आणि मालकाचा भाव. दोन्हींत जे कमी ते घ्यावं. वायरिंगचं म्हणाल तर खोली घेतानाच सोळा अँपिअरचा पॉइंट मागावा आणि करारात लिहून घ्यावा. मागाहून मालक ऐकत नाही. तो मिळालाच नाही तर २००० वॉटची शेगडी घेऊच नये. सहा अँपिअरच्या पॉइंटला १२०० वॉटपर्यंतच ओढ द्यावी, तीही पॉइंट धड असेल तर. त्यापेक्षा ७०० वॉटचा विजेवरचा भाताचा कुकर बरा. तो तीन अँपिअरच ओढतो, त्याच्यात भात आणि वर जाळीत अंडी-बटाटे एकदम होतात, आणि रात्रपाळीहून आलेल्या माणसाला बटण दाबून आंघोळीला जाता येतं.